एक तुला, एक मला

आमच्या घरात इकडून तिकडे जायची वाट एकच आहे, आणि ती वाट म्हणजे मी.

तशी दारं आहेत. घरामागच्या कोठाराला तर दोन दोन आहेत, एक पापाचं, एक झिया ओत्तीचं. झिया म्हणजे आत्या, पापाची सख्खी धाकटी बहीण. पापा गिटार बनवतो, झिया झिटर बनवते, टेबलावर आडवं ठेवून छेडायचं ते वाद्य. कोठार दोघांचं, पण मधोमध फळ्यांची भिंत आहे. पापा झियाच्या दाराने जात नाही, झिया पापाच्या दाराने येत नाही. मम्मा म्हणते, "मी वेरोनाची, मला तुमच्या लाकडातलं काही कळत नाही," आणि औषधांच्या दुकानात ड्यूटीवर निघून जाते. मग राहिलं कोण?

"झियाला सांग, तिच्या मांजराने माझ्या सरसाच्या भांड्यात तोंड घातलंय."

"पापाला सांग, सरस उघडा ठेवणाऱ्याला शेवटी मांजरच शहाणपण शिकवतं."

मी हे निरोप पोचवते. थोडे गाळते, थोडे गोड करते. बर्फात बूट घालायचे, दहा पावलांवर काढायचे, पुन्हा घालायचे. एकदा शाळेत भूगोलाच्या सरांनी विचारलं, तुमच्या तेझेरो गावाची सीमा कुठून जाते? मी म्हणाले, आमच्या कोठारातून. वर्ग हसला. मला मात्र खरंच तसं वाटत होतं.

एक सांगायलाच हवं, मी पूर्वी अशी नव्हते. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात हात वर करायचा म्हटलं की माझे कान लाल व्हायचे. मग या शरदात शाळेच्या सभेत बसच्या वेळेवरून कोणीच बोलेना, आणि मी उठले. उठले ते उठलेच. आता जर्मनच्या बाई मला म्हणतात, "नीवेस, मध्ये श्वास घेत जा." जगात इतकं बोलण्यासारखं आहे आणि मी पंधरा वर्षं गप्प बसले होते! पण घरात मात्र माझ्या तोंडून अजूनही दुसऱ्यांचीच वाक्यं निघत होती.

आता लाल मेणाची गोष्ट.

आमच्याकडे पोर जन्मलं की त्या वर्षीच्या नोव्हेंबरात, उतरत्या चंद्रावर, स्प्रूसचं एक झाड पाडतात. झाड नोन्नो निवडायचे, म्हणजे माझे आजोबा. खोडाला कुऱ्हाडीची पाठ हाणायची, मग कान लावून उभं राहायचं. सालीला पीळ असला की पुढच्या झाडाकडे. पाडलेला ओंडका करवतीने चिरायचा नाही, पाचर ठोकून फोडायचा. करवत आपण ढकलू तिकडे जाते, पाचर मात्र लाकडाच्या मनाने जाते, असं नोन्नो म्हणत. मग त्या फोडींच्या पातळ फळ्या काढायच्या, टोकांना मेण फासायचं म्हणजे टोकं आधी वाळून तडकत नाहीत, आणि माळ्यावर रचून ठेवायच्या. पापाच्या झाडाला काळं मेण होतं, झियाच्या पिवळं, माझ्या लाल. पोर सोळाचं झालं की त्या हिवाळ्यात त्याने आपल्या झाडातून दोन फळ्या निवडायच्या आणि पहिली गिटार स्वतः करायची. गिटारचा वरचा तख्ता, ज्यातून सूर निघतो तो, दोन फळ्यांचाच असतो. पण कुठल्याही दोन नाहीत. एकाच फोडीतल्या, लागून कापलेल्या, बहिणी बहिणी. पुस्तक उघडावं तशा त्या उघडतात, आणि डावीकडची रेष उजवीकडे आरशात पाहिल्यासारखी दिसते.

"तुझं झाड फार हळू वाढलंय," नोन्नो मला सांगायचे. "रेषा बघ किती दाट. उशिरा बोलेल. पण एकदा बोलायला लागलं की कोणाला थांबवता यायचं नाही."

मला तो आवाज ऐकायचा होता. दुसऱ्या कुठल्या झाडाचा नाही, त्याचाच. तुम्हाला नाही वाटणार?

पण नोन्नो गेले, आणि पापा आणि झिया उत्तरेच्या खिडकीखालच्या कामाच्या बाकावरून भांडले. भांडण इतकं साधं होतं की सांगायलाही लाज वाटते. बाक शेवटी करवतीने मधोमध कापलं. अर्धं इकडे, अर्धं तिकडे, दोन्ही अर्ध्यांना खाली ठोकळे. मग लाकडाची पाळी आली. मी माळ्याच्या तोंडाशी बसून बघत होते. दोघं समोरासमोर बसले आणि ढिगातली एकेक फळी उचलून पत्ते वाटावेत तशी वाटायला लागले.

"एक तुला."

"एक मला."

"एक तुला."

ढिगात फळ्या कापल्या त्याच क्रमाने रचलेल्या होत्या. म्हणजे प्रत्येक वाटपाला एकेक जोडी फुटत होती. दोघं जन्मभर हेच काम करत आलेले. दोघांना पहिल्याच फळीला कळलं असणार. पण 'थांब' कोणी म्हणायचं? पापाला वाटलं ओत्ती म्हणेल, झियाला वाटलं तुल्लिओ म्हणेल. दोघांच्या माना वर होईनात. लाल मेणाच्या आठ फळ्या होत्या, चार इकडे गेल्या, चार तिकडे. आमच्या खोऱ्यात सगळ्यात सुंदर वाळलेलं लाकूड आमच्या माळ्यावर आहे, आणि त्यातून एकही गिटार होऊ शकत नाही.

त्याला आता तीन हिवाळे झाले. मला नोव्हेंबरात सोळा पूर्ण झाली.

शनिवारी शाळेतून आले तर झियाने हाक मारली. स्वयंपाकघरात सफरचंदाचा स्ट्रुडेल होता, गरम. मी दुसरा तुकडा घेत होते तेव्हा ती सहज म्हणाली, "सोमवारी लाल मेणवाल्या कापायला घेते."

"काय?"

"इन्सब्रुकच्या बाईंना दोन झिटर हवेत. माझ्या पिवळ्या संपत आल्या."

"झिया, त्या माझ्या आहेत!"

"अर्ध्या तुझ्या आहेत. आणि अर्ध्या जोडीची गिटार होत नाही, हे तुझ्या बापाला विचार. मी काय करू त्यांचं? चौकट लावून भिंतीवर टांगू?"

"मग दे ना पापाला."

"त्याने मागाव्यात." तिने चाकू पुसला. "तोंड आहे ना त्याला? जेवताना तर असतं."

मी तोंडात घास ठेवूनच पळाले. पापा बाकाच्या त्याच्या अर्ध्यावर रंधा मारत होता. ढलप्या त्याच्या बुटांवर साठल्या होत्या.

"पापा, ती कापणार आहे! लाल मेण! सोमवारी!"

रंधा थांबला नाही. "कापू दे. करवत तिची, फळ्या तिच्या."

"आणि माझी गिटार?"

"तुला मी दुसरी जोडी देतो. पानेवेज्जोच्या जंगलातली आहे, चांगली पांढरी..."

"मला दुसरी नको."

"मग तिला सांग की..."

"नाही सांगणार!" माझा आवाज इतका मोठा निघाला की भिंतीपलीकडे मांजर उडी मारून पळाल्याचं ऐकू आलं. "तू सांग. तू विचार. फक्त एकदा 'दे' म्हण. किती अक्षरं आहेत त्यात?"

पापाने रंधा उताणा ठेवला आणि त्याच्या पात्याकडे बघत बसला. "मी तिच्या दारात जाणार नाही, नीवेस. तीन हिवाळे गेलो नाही. आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

खरं सांगू, त्या क्षणी मला दोघांची दया वगैरे काही आली नाही. गुदमरल्यासारखं झालं. इकडे बापाची भिंत, तिकडे आत्याची भिंत, मध्ये मी बूट घालते आणि काढते. पापा सरस तापवायला घरात गेला, आणि मी शिडी चढले.

या शिडीचंही एक आहे. वाटणीत शिडी झियाकडे गेली, पण माळ्याचं तोंड पापाच्या बाजूला आलं. त्यामुळे दिवसभर शिडी पापाकडे असते, आणि उजेड कलला की झिया भिंतीच्या वरच्या खाचेतून दोरी ओढते, मग शिडी घसरत घसरत तिच्याकडे जाते. ती स्वतः माळ्यावर चढते फक्त रविवारी, पापा चर्चच्या गायकवृंदात असतो तेव्हा, चोरून त्याच्या दाराने शिरून. फळ्या उलटते, पापा परतायच्या आत उतरते.

माळ्यावर थंडी अशी होती की नाकाचा शेंडा आपला राहिला नाही असं वाटावं. दोन्ही बाजूंना झरोके, वारा आरपार. इथेही मध्ये फळ्यांची भिंत आहे, तिच्यातल्या दाराला झियाचं कुलूप, पण छप्पर उतरतं तिथे शेवटी एक फट राहिलीय. मांजराला ठीक, मला जरा कमीच. पापाच्या बाजूच्या चार लाल फळ्या मी आधी काढल्या. मग पोटावर पडून त्या फटीत शिरले. जाकिटाचं एक बटण गेलं. अर्धी मी पापाच्या वाट्यात आणि अर्धी झियाच्या, अशी बराच वेळ अडकून राहिले. पुढे सरकता येईना, मागे येता येईना. तोंडाशी कोळ्याचं जाळं. मला हसू आलं आणि मग लगेच रडू आलं, कारण हे काही नवीन नव्हतं. मी रोज इथेच असते.

शेवटी श्वास सोडून बारीक झाले आणि पलीकडे पडले. झियाचा ढीग नीटनेटका, वर गुळगुळीत दगड. लाल मेण सगळ्यात वर होतं. म्हणजे खरंच सोमवारसाठी काढून ठेवलं होतं. चारही फळ्या मी एकेक करून फटीतून ढकलल्या आणि मागोमाग घुसले.

तेवढ्यात घर्र घर्र असा आवाज आला. तोंडाशी पोचले तोवर शिडीचं शेवटचं टोक खाचेतून पलीकडे जात होतं.

"झिया!"

खाली पाहिलं. पापाचं बाक, बाकावर पटाश्या, शिकंजा, उभ्या ठेवलेल्या कानशी. उडी मारायची सोय नव्हती. फोन घरात चार्जिंगला. मी पुन्हा ओरडले, यावेळी सभेतल्या आवाजात. बस कंपनीलाही ऐकू गेलं असतं.

पापा धावत आला, हातात सरसाचं भांडं. "तू वर काय करतेस?"

"अडकलेय!"

"उतर."

"कशाने? शिडी गेली!"

भिंतीपलीकडून झियाचा आवाज आला. "कोण आहे गं वर?"

"मी! झिया, शिडी सरकव!"

झिया म्हणाली, "तुझ्या बापाला सांग, शिडी हवी असेल तर माग म्हणावं."

पापा लाल झाला. "तिला सांग, पोर अडकलंय, यात मागायचं काय आहे?"

"त्याला सांग, पोर त्याच्या वाट्याच्या माळ्यावर अडकलंय."

"तिला सांग, मी शेजारच्या जिल्बेर्तोकडून शिडी आणतो."

"त्याला सांग, खुशाल आण. म्हणजे संध्याकाळच्या आत अख्ख्या तेझेरोला कळेल की तुल्लिओने पोरीला माळ्यावर कोंडलं."

पापा दारापर्यंत गेला आणि परत आला. मग खुर्चीवर खुर्ची चढवायला लागला. दुसरी खुर्ची एका पायाने लंगडी होती. मी वरून म्हणाले, "पापा, तू पडशील, आणि मग मला दोघांचं करावं लागेल." त्याने खुर्ची खाली घेतली आणि तिच्यावरच बसला.

कोणीच हलेना. बाहेर उजेड निळा व्हायला लागला होता. मी गुडघे पोटाशी घेऊन बसले. आठ फळ्या माझ्यासमोर. मला वाटलं, असंच राहणार. ती मागायला लावणार, हा मागणार नाही, मी इथेच म्हातारी होणार, माझ्याही टोकांना कोणीतरी मेण फासून ठेवेल. मग मला भयंकर राग आला, आणि राग आला की हाताला काहीतरी लागतंच. मी एक फळी उचलली, वरच्या कडेला दोन बोटांत लोंबती धरली, आणि बोटाच्या पेराने टकटक केलं.

ठक.

"वर धरलीस," पापा खालून म्हणाला. आपोआप, तोंडातून निसटल्यासारखं. "चौथ्या हिश्श्यावर धर. तिथे ती मोकळी असते."

मी खाली सरकवून धरली. टंग्. आवाज फळीतून निघाला आणि जायचंच नाव घेईना.

"ही ठेव," पापा म्हणाला.

"ही ठेवू नकोस," भिंतीपलीकडून झिया म्हणाली. "शेवटी घोगरी होते. ऐकलं नाही का कोणी?"

"काही घोगरी होत नाही," पापा म्हणाला.

"कान धुवून घे, तुल्लिओ."

मी गोठलेच. बाहेरून नव्हे, आतून. तीन हिवाळ्यांत पहिल्यांदा तिने 'त्याला सांग' म्हटलं नव्हतं. मी श्वास रोखून दुसरी फळी उचलली. ठेवणारी, न ठेवणारी, पुन्हा वाजव, थोडं खाली, नखाने नाही गं पेराने. दोघं खालून असे बोलत होते की मध्ये भिंत आहे हे त्यांना आठवतच नव्हतं. मीही आठवण करून दिली नाही. एवढं शहाणपण माझ्याकडे आहे.

मग जोड्या लावायला घेतल्या. नोन्नो लाकडावर काही लिहीत नसत. फोड चिरण्याआधी तिच्या टोकावर ते पेन्सिलने एक तिरकी रेघ ओढत. फळ्या झाल्या की प्रत्येकीच्या टोकावर त्या रेघेचा एक ठिपका राही, पहिलीच्या डावीकडे, पुढचीच्या जरासा उजवीकडे, तिच्या पुढचीच्या आणखी जरासा. मेण नखाने खरवडून मी ठिपके शोधले. एक पापाची, एक झियाची, एक पापाची. रेघ पुन्हा तिरकी उभी राहिली.

जुळवलेली रास सांडू नये म्हणून पापाच्या ढिगात नीट परत ठेवायला गेले, तेव्हा ते लक्षात आलं. वारा खेळावा म्हणून दोन फळ्यांमध्ये बारीक काड्या ठेवतात. पापाच्या बाकी ढिगात त्या नेहमीच्याच होत्या. फक्त माझ्या लाल फळ्यांमध्ये दुप्पट उंचीच्या. दर वसंतात त्या मीच उलटल्या आहेत, आणि कधी विचारलं नव्हतं का. मी झियाची एक फळी आडवी केली आणि मधल्या जागेत सरकवली. ती अलगद आत गेली, वर खाली नीट वारा ठेवून.

"पापा!" मी ओरडले. ओरडायला नको होतं, पण मी आता तशी राहिलेली नाही. "पापा, तू मध्ये जागा ठेवली आहेस! झियाच्या फळ्यांची जागा!"

मी माळ्याच्या तोंडातून खाली वाकले.

"काड्या दुप्पट आहेत! ही बघ, बसली!"

"नीवेस," पापा फार हळू म्हणाला, "गप्प बस."

भिंतीपलीकडे शिडी जमिनीवरून फरफटल्याचा आवाज. झियाचं दार. बर्फात पावलं, बोजड, थांबत थांबत. पापाचं दार धाडकन उघडलं आणि झिया आत आली, खांद्यावर शिडी, केसांत बर्फ, पायांत स्वयंपाकघरातल्या सपाता. तिने पापाकडे पाहिलंच नाही. शिडी लावली आणि चढायला लागली.

"मी चढतो," पापा म्हणाला.

"माझी शिडी आहे. मीच चढणार. पाय धर खाली, ढलप्यांवरून घसरतेय."

त्याने पाय धरले. शिडीचे.

झिया वर आली, धापा टाकत. तिने आधी तो ढीग पाहिला. काडीवर बोट ठेवलं, वरपासून खालपर्यंत नेलं. मग माझ्या हातातल्या दोन फळ्या घेतल्या, एकेक करून झरोक्याच्या उजेडात तिरक्या धरल्या. त्यांच्यावर आडवी रेशमासारखी चमक होती. तिने त्या वाकवून पाहिल्या, वास घेतला, वाजवल्या, पुन्हा वाजवल्या. झिया लाकूड निवडते तेव्हा तिचा चेहरा चर्चमध्ये असल्यासारखा होतो.

"या नाहीत," ती म्हणाली. "या गोड आहेत, बाकी काही नाही. तिसरी आणि चौथी बघ. तिसरी आधी काही सांगत नाही. मग सांगते."

"पहिलीच जोडी," पापा खालून म्हणाला.

"तू ऐकलं नाहीस."

"मी इथून ऐकलं."

"तिथून लाकूड नाही, छप्पर ऐकू येतं."

मी तिसरी वाजवली. खरंच, आधी नुसतं ठक आल्यासारखं वाटलं, आणि मग खालून काहीतरी उठलं, भरत गेलं, माझ्या मनगटापर्यंत आलं. चौथीही तशीच. मला घाम फुटला, त्या थंडीत.

"ही," मी म्हणाले. "मी ही घेणार. कोणाला विचारत नाहीये, सांगतेय."

झियाने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "बरं बाई."

आणि तेव्हा खाली लाकूड घासल्याचा आवाज झाला. आम्ही दोघी तोंडाशी धावलो. शिडी गेली होती. पापा ती दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा होता, लहान मुलाने बाहुली धरावी तसा.

"तुल्लिओ!"

"आता तू माग," पापा म्हणाला.

मला हसू आवरेना. झियाला आवरत होतं, पण रागाने. "वेडा आहेस का तू? इथे गारठून मरू आम्ही!"

"मागायला किती अक्षरं लागतात, हे मला आजच कोणीतरी शिकवलं."

"ठेव आधी ती शिडी!"

"आधी फळ्या."

"आधी शिडी!"

अंधार पडत चालला होता. झियाचे दात वाजायला लागले, सपाता ओल्या. मी माझा मफलर तिच्या पायांना गुंडाळला. ती काही वेळ अशी बसली की मला वाटलं आता ती रडेल, पण आमच्या घरात कोणी असं वेळेवर रडत नाही. मग ती तोंडाशी पालथी पडली, आणि चौथी फळी, तिची स्वतःची, कडेला धरून खाली लोंबती सोडली. पापाचा हात पोचेल न पोचेल इतकी.

पापाने शिडी काखेत दाबली आणि दुसरा हात वर केला. बोटं फळीच्या लाल टोकाला लागली. पण झिया सोडेना.

दोघांनी फळी धरलेली, वरून तिने, खालून त्याने. मला ती तडकेल अशी भीती वाटली. मी 'सोड' म्हणणार होते, कोणाला ते ठरत नव्हतं. त्यांच्यासाठी पुन्हा एकदा काहीतरी म्हणायला माझं तोंड उघडलंही, आणि मी ते मिटलं. आयुष्यात इतकं अवघड काही केलं नव्हतं.

"ओत्ती," पापा म्हणाला. "दे."

"घे," झिया म्हणाली, आणि सोडली.

शिडी लागली. आम्ही उतरलो. झियाने खाली येऊन सपाता झटकल्या आणि पापाच्या बुटांवर बर्फ पडला, तो तिने मुद्दाम पाडला असं मला वाटतं. "सोमवारी मी पिवळ्या कापते," ती कोणाकडेही न बघता म्हणाली, आणि निघून गेली. शिडी विसरून.

आता हे सगळं छान झालं असं तुम्ही समजाल, म्हणून पुढचं सांगते. फळ्यांची भिंत अजून आहे. रविवारी जोड बसवायचा होता. दोन्ही फळ्यांच्या कडा रंध्याने इतक्या सरळ कराव्या लागतात की एकमेकींना टेकवून उजेडासमोर धरलं तर मधून उजेडाचा केसही दिसता कामा नये. तो उजेड उत्तरेचा लागतो, आणि उत्तरेची खिडकी झियाच्या वाट्याला आहे. पापाने भिंतीतल्या दोन फळ्या काढल्या. फक्त दोन. झियाने प्रत्येक खिळा मोजून डब्यात ठेवायला लावला, परत ठोकायला.

त्या फटीत मी उभी होते. एक खांदा पापाच्या बाजूला घासत होता, एक झियाच्या. डाव्या हातात तिसरी फळी, उजव्यात चौथी, कडा एकमेकींना लावून खिडकीसमोर धरलेल्या. पापा माझ्या एका कानाशी वाकला, झिया दुसऱ्याशी. दोघांचा श्वास मला लागत होता, एकाला कॉफीचा वास, एकीला सफरचंदाचा. रेषा रेषेला मिळाली होती. आणि खाली, टोकाजवळ, एक बारीक पांढरा केस चमकत होता.

"तुझ्या फळीचा आहे," पापा म्हणाला.

"तुझ्या," झिया म्हणाली.

लांब रंधा घरात एकच आहे. दोघांचे हात एकदमच त्याच्याकडे गेले. मी मध्ये अडकले होते, हात भरलेले, हलायला जागा नव्हती, आणि त्या दोघांपैकी कोणीही अजून रंधा उचलला नव्हता.